मैत्री, मेहनत आणि मोबदला

आपल्या मोहल्ल्यांत आणि गावांत अशी गल्ली क्वचितच सापडेल, जिथे दुपारच्या वेळी एखाद्या घरातून शिलाई मशीनचा आवाज येत नाही. स्वयंपाक आटोपतो, मुले शाळेला जातात, जोहरची नमाज होते आणि घरातील भगिनी मशीनवर बसते. कुणी सलवार-कमीज शिवते, कुणी पडद्यांचे काम घेते, कुणी गोधड्या शिवते. पूर्वी गोधडी हाताने, धावदोरा घालून शिवली जाई. त्यात महिना महिना जात असे. आता जुन्या साड्या, ओढण्या आणि चादरी पिशवीत भरून लोक मशीनवाल्या भगिनीकडे येतात आणि आपल्या मापाची, आपल्या पसंतीच्या काठाची गोधडी शिवून मागतात. या कमाईतून कितीतरी घरांत मुलांची फी भरली जाते, औषधे येतात. जिच्यामागे कमावते माणूस उरलेले नाही, अशा एखाद्या विधवा भगिनीची चूलही तिच्यावरच पेटते.

अनोळखी गिऱ्हाईक आले की व्यवहार सोपा असतो. माप घेतले जाते, दर सांगितला जातो, थोडी घासाघीस होते आणि काम ठरते. पिशवी घेऊन जिवाभावाची मैत्रीण दारात उभी राहिली, की मात्र जीभ अडखळते. ती विचारते, "किती घेशील गं?" उत्तर येते, "अगं, तुझ्याकडून काय घ्यायचं!" त्यावर ती म्हणते, "असं नको, तुला योग्य वाटेल ते सांग." "बघू नंतर," असे म्हणून विषय मिटतो. दोघींनाही वाटते की आपण मैत्रीला शोभेल असेच वागलो.

पण विषय मिटलेला नसतो, तो केवळ पुढे ढकललेला असतो. गोधडी तयार होते. मैत्रीण अंदाजाने काही रक्कम हातावर ठेवते. शिवणारीला ती कमी वाटते, तरी ती "राहू दे गं" म्हणत घेते. देणारीला वाटते, आपण जास्तच दिले. पुढच्या खेपेस एकीला काम घ्यायचा कंटाळा येतो, दुसरीला काम द्यायचा संकोच वाटतो. हळूहळू येणे-जाणे कमी होते. भांडण झालेले नसते, कुणी कुणाला फसवलेले नसते, तरीही वर्षानुवर्षांचा जिव्हाळा एका गोधडीखाली झाकला जातो.

म्हणून हा प्रश्न किरकोळ समजून सोडून देण्यासारखा नाही. मैत्रिणीकडून पूर्ण मजुरी घेणे मैत्रीला धरून आहे काय? न घेणे ही नेकी आहे, की मनातला हिशोब झाकण्याची एक रीत आहे? आणि सवलत द्यायची तर ती किती द्यावी, हे कुणी ठरवायचे? इस्लामने इबादतींइतकेच व्यवहारांनाही महत्त्व दिले आहे. अल्लाहच्या हक्कात राहिलेली उणीव तो आपल्या कृपेने माफ करील, परंतु माणसाचा माणसावरील हक्क अंतिम न्यायदिनी हक्कदारासमोरच उभा राहणार आहे. दोन मैत्रिणींमधील शिलाईचा हिशोबही त्यात येतो.

मेहनतीच्या मोबदल्यात कमीपणा नाही

सर्वप्रथम मनातील एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या माणसाकडून पैसे घेणे हलकेपणाचे आहे, असे आपण धरून चालतो. प्रेषितांच्या जीवनचरित्रात मात्र आपल्याला वेगळेच चित्र दिसते. अल्लाहचे प्रेषित दाऊद (अलै.) स्वतःच्या हातच्या कामावर उदरनिर्वाह करीत आणि स्वतःच्या हाताने कमावलेल्या अन्नापेक्षा उत्तम अन्न कुणी खाल्लेले नाही, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. श्रद्धावंतांच्या माता ह. जैनब बिन्ते जहश (रजि.) स्वतःच्या हाताने काम करीत आणि त्या कमाईतून सढळ हाताने दान करीत. हाताची मेहनत त्यांच्या थोरवीला आड आली नाही, उलट ती त्यांच्या दातृत्वाचे साधन बनली.

आता मैत्रीचाच एक प्रसंग पाहू. इ.स. 622 मध्ये प्रेषित (स.) मक्केहून हिजरतीसाठी निघाले. सोबतीला ह. अबू बकर (रजि.) होते. त्यांच्याहून जवळचा मित्र कोण असणार? त्यांनी या प्रवासासाठी दोन सांडण्या कित्येक महिने चारा घालून तयार ठेवल्या होत्या. त्यांतील एक त्यांनी प्रेषितांपुढे केली. जीव धोक्यात होता, घाई होती, देणारा सर्वस्व ओवाळून टाकायला तयार होता. अशा वेळीही प्रेषितांनी सांगितले की, मी ती किंमत देऊनच घेईन. या वागण्याने त्या मैत्रीत काही उणे आले नाही. किंमत घेतल्याने मैत्री बाटते, ही आपली समजूत या एका प्रसंगापुढे टिकत नाही.

पुढे मदीनेत मस्जिद-ए-नबवीसाठी जी जागा निवडली गेली, ती सहल आणि सुहैल या दोन अनाथ मुलांची होती. त्यांनी ती भेट म्हणून देऊ केली. प्रेषितांनी ती तशी स्वीकारली नाही, किंमत देऊन विकत घेतली. समोरचा प्रेमाने "नको" म्हणतो आहे, एवढ्यावर त्याच्या हक्काकडे डोळेझाक करता येत नाही, हा धडा यात आहे.

आठ वर्षे आणि दोन वर्षे

मग मैत्रीत सवलतीला जागाच नाही काय? निश्चितच आहे. तिची जागा कोणती, हे सूरह अल्-कससमधील एका प्रसंगातून फार सुरेख उलगडते. प्रेषित मूसा (अलै.) मिसरहून निघून मदयनला पोहोचले. परक्या मुलखात एका वृद्ध सत्पुरुषाने त्यांना आसरा दिला आणि आपल्या मुलीशी विवाहाचा प्रस्ताव ठेवला. नाते जुळत होते, मने जुळली होती. तरीही कामाची मुदत स्पष्ट शब्दांत ठरली. आठ वर्षे चाकरी करायची. दहा पूर्ण केली, तर ती वरची दोन वर्षे मूसा (अलै.) यांच्या मर्जीची, त्यांच्यावर बळजबरी नाही. मूसा (अलै.) यांनीही दोन्हींपैकी कोणतीही मुदत पूर्ण केली तरी आपल्यावर ठपका राहणार नाही, हे बोलून घेतले आणि या करारावर अल्लाहला साक्षी ठेवले. ह. इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनानुसार त्यांनी प्रत्यक्षात मोठी मुदत पूर्ण केली.

होणारे सासरे आणि होणारा जावई यांच्यात हा करार झाला, हे लक्षात घ्यावे. "आपल्याच घरचे आहे, काय ठरवायचे" असे दोघांपैकी कुणीही म्हटले नाही. आठ हे कर्तव्य होते, दोन ही सदिच्छा होती आणि दोन्ही वेगवेगळ्या शब्दांत सांगितली गेली. आठ आधी निश्चित झाली, म्हणूनच वरच्या दोनांना मोल आले. आठ ठरलीच नसती, तर दहा वर्षांत देणगी किती आणि देणे किती, हे कुणालाच सांगता आले नसते.

आपल्या गोधडीच्या व्यवहारात नेमके हेच राहून जाते. आपण थेट "दोन वर्षांपासून" सुरुवात करतो. सवलत, प्रेम, आपलेपणा हे सारे आधी येते आणि ज्याच्यावर सवलत द्यायची तो मूळ दर कधी उच्चारलाच जात नाही. मैत्रिणीला आपल्याला काय मिळाले हे कळत नाही, शिवणारीलाही आपण काय दिले हे कळत नाही.

गोधडीत काय काय शिवलेले असते

दर ठरवण्याआधी तो कशाचा आहे, हे दोघींनाही माहीत असावे. सात फूट रुंद आणि आठ फूट लांब अशी गोधडी घ्या. तिच्यावर दोन-दोन इंचांच्या अंतराने उभ्या-आडव्या चौकटी घालायच्या, तर लांबीच्या बाजूने सुमारे 42 आणि रुंदीच्या बाजूने सुमारे 48 शिलाया पडतात. त्यांची एकूण लांबी 670 फुटांच्या घरात जाते, म्हणजे 200 मीटरहून अधिक. ही झाली केवळ शिलाई. त्याआधी जुने कपडे उसवायचे, विरलेला भाग कापून टाकायचा, तुकडे जोडायचे, जमिनीवर थर अंथरून सुरकुत्या काढायच्या आणि थर सरकू नयेत म्हणून कच्चे टाके घालायचे. मधल्या भागाची शिलाई करताना अर्धी गोधडी गुंडाळून मशीनच्या आतल्या बाजूने न्यावी लागते. तिचे ओझे खांद्यांवर येते. जाड थरांत सुई तुटते, दोरा वारंवार अडकतो. शेवटी चारही बाजूंनी काठ बसवायचा. तयार गोधडीवर यातले काहीच दिसत नाही, म्हणून बघणाऱ्याला वाटते, "घरचेच तर कपडे होते, नुसती शिलाई तर मारायची होती."

उदाहरणादाखल समजू की अशा कामाचा एका भगिनीचा नेहमीचा दर 1200 रुपये आहे. त्यातले 300 दोरा, सुया, काठाचे कापड आणि विजेचे. 200 रुपये ती मदतीला येणाऱ्या मुलीला देते. उरलेले 700 तिच्या मेहनतीचे आणि हातोटीचे. आता तिने मैत्रिणीला सवलत द्यायचे ठरवले, तर ती कशातून द्यावी? स्वतःच्या 700 मधून ती वाटेल तितके सोडू शकते, तो तिचा अधिकार आहे. स्वतःच्या पैशाने आणलेला दोराही ती देऊ शकते. परंतु मदतनीस मुलीच्या 200 रुपयांतला एक रुपयाही तिला देता येत नाही, कारण तो तिचा नाहीच. "या वेळी माझ्या मैत्रिणीचे काम आहे, तूही थोडे कमी घे," असे त्या मुलीला म्हणणे हे दुसऱ्याच्या खिशातून दातृत्व करणे होय. पूर्ण काम करून घेऊन मजुराला त्याची मजुरी न देणाऱ्याविरुद्ध अंतिम न्यायदिनी आपण स्वतः उभे राहू, असा अल्लाहचा इशारा प्रेषितांनी आपल्यापर्यंत पोहोचवला आहे. मैत्रीच्या भरात आपण या इशाऱ्याच्या कक्षेत तर जात नाही ना, हे पाहिले पाहिजे.

हाच नियम घरातील पुरुषांनाही लागू आहे. "माझ्या मित्राच्या घरची गोधडी आहे, पैसे घेऊ नकोस," असे कितीतरी पती किंवा भाऊ परस्पर सांगून टाकतात. पुरुषांनी कमावले त्यात त्यांचा वाटा आणि स्त्रियांनी कमावले त्यात त्यांचा वाटा, हे तत्त्व सूरह अन्-निसामध्ये आले आहे. पत्नीची मेहनत ही पतीच्या पाहुणचाराची वस्तू नव्हे. तिने स्वखुशीने दिले तर ती नेकी आहे. तिला न विचारता तिच्या वतीने दिले, तर दोस्ती पतीची झाली आणि पाठ तिची दुखली.

मजुरी बोललीच गेली नाही, तर?

फिकहच्या अभ्यासकांनी नेमका हाच प्रसंग चर्चिला आहे. कुणी शिंप्याकडे कापड दिले, त्याने शिवले आणि मजुरीचा उल्लेखच झाला नाही, तर मजुरी देणे लागते काय? कोकणातील मुस्लिम समाज बहुतांशी शाफई मसलकाचा आहे. त्या मसलकातील इमाम नववी (रह.) यांनी आपल्या 'मिन्हाज' या ग्रंथात हा प्रश्न घेतला आहे. अशा स्थितीत मजुरीचा हक्क उभा राहत नाही, हे मत त्यांनी प्रथम नोंदवले. त्याबरोबर मजुरी मिळावी हे मत, आणि तो माणूस ते काम मजुरीवर करणारा म्हणून परिचित असेल तर मिळावी, हेही मत नोंदवले आणि या शेवटच्या मताकडे कल असल्याचेही सांगितले. देशावर आणि मराठवाड्यात हनफी मसलकाचे लोक अधिक आहेत. तिथल्या प्रसिद्ध 'हिदाया' ग्रंथात, मालक "फुकट केलेस" म्हणतो आणि कारागीर "मजुरीने केले" म्हणतो, अशा तंट्यात इमाम अबू हनीफा (रह.) यांनी मालकाचे म्हणणे ग्राह्य धरल्याचे येते. त्यांचे शिष्य इमाम मुहम्मद (रह.) यांनी मात्र, कारागीर त्या कामासाठी मजुरी घेणारा म्हणून प्रसिद्ध असेल तर त्याचे म्हणणे मानले.

या मतभेदात कुणाचे बरोबर, हे ठरवणे या लेखाचे काम नाही. कुणावर असा प्रसंग आलाच, तर जवळच्या जाणकार आलिमांना विचारावे. आपल्यासाठी बोध एवढाच की, एक शब्द न बोलल्यामुळे थोर इमामांनाही हक्क कुणाचा याबद्दल वेगवेगळी मते द्यावी लागली. तो शब्द आधी उच्चारला असता, तर वादच उरला नसता. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा कुरआनात सूरह अल्-बकराच्या एका दीर्घ आयतीत आली आहे. लिहून ठेवणे हे अविश्वासाचे लक्षण आहे, असे तिथे कुठेही सुचवलेले नाही. संशयाला जागा राहू नये, हाच त्यामागचा हेतू सांगितला आहे.

मित्राला सवलत कशी द्यावी

इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफा शहरात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या चरित्रकारांनी एक प्रसंग सांगितला आहे. एका मित्राला त्यांनी भारी वस्त्र अवघ्या एका दिरहमला दिले. मित्राला वाटले, आपली थट्टा चालली आहे. तेव्हा त्यांनी हिशोबच समोर ठेवला. दोन वस्त्रे एकत्र घेतली होती, एक विकले आणि त्यात एका दिरहमखेरीज सारे भांडवल वसूल झाले. राहिलेले वस्त्र त्या एका दिरहमला पडले आणि मित्राकडून नफा घ्यायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता होता.

या प्रसंगात सवलत मोठी आहे, पण त्याहून मोठा आहे तो मोकळेपणा. मित्राला किंमत कळली, ती का कमी आहे हे कळले आणि देणाऱ्याने स्वतःला तोटा पाडून मनात सल ठेवला नाही, हेही कळले. मैत्रिणीलाही असेच सांगता येईल, "माझा दर बाराशे आहे. तुझ्याकडून मी आठशे घेईन. त्यात माझा खर्च निघतो आणि थोडी मजुरीही सुटते." एवढ्या तीन वाक्यांत दोघींचा संकोच जातो. मात्र दर मुद्दाम वाढवून सांगायचा आणि मग "तुझ्यासाठी कमी केले" म्हणायचे, हा खोटेपणा आहे. त्याने चार पैसे मिळतील, पण बरकत जाईल.

प्रत्येक मैत्रिणीला सवलत दिलीच पाहिजे, असेही नाही. जिचे घर या मशीनवर चालते आणि जिच्या ओळखीपाळखी साऱ्या गावभर आहेत, तिने प्रत्येक ओळखीपायी दर उतरवला तर मुलांच्या तोंडचा घास कमी होईल. ज्यांच्या पोषणाची जबाबदारी आपल्यावर आहे, त्यांचा हक्क पहिला आहे. पूर्ण दर सांगणाऱ्या भगिनीला स्वार्थी समजण्याचा अधिकार कुणालाही नाही.

मैत्रिणीचेही काही कर्तव्य आहे

आपण बहुधा शिवणारीलाच उदारपणाचा उपदेश करतो. उदारपणा देणारीकडूनही येऊ शकतो, हे विसरतो. ह. जाबिर (रजि.) यांचा उंट प्रेषितांनी एका प्रवासात विकत मागितला. जाबिर (रजि.) तरुण होते, वडील उहुदच्या लढाईत शहीद झाले होते, बहिणींची जबाबदारी होती, डोक्यावर कर्ज होते. तरीही त्यांनी तो उंट तसाच देऊ केला. प्रेषितांनी तो विकतच घेणार म्हणून सांगितले आणि किंमत ठरवली. मदीनेत पोहोचल्यावर ती किंमत वजनाने चुकती केली, वर अधिक दिले आणि मग उंटही जाबिर (रजि.) यांनाच परत केला. पाहा, इथेही आधी सौदा ठरला, मग तो पूर्ण झाला आणि त्यानंतर भेट आली. गरजू मित्राला मदत झाली, पण त्याला हात पसरावा लागला नाही.

ज्या मैत्रिणीची ऐपत आहे, तिने पिशवी पुढे करतानाच म्हणावे, "तू इतरांकडून घेतेस तेच मी देणार." सवलत मागून मिळवणे आणि सवलत मिळणे यांत फार अंतर आहे. संकोचापोटी दिलेला होकार हा मनाचा होकार नसतो आणि परस्परांच्या खुशीखेरीज एकमेकांचे धन घेण्यास कुरआनने मनाई केली आहे. मजुराला त्याचा घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची प्रेषितांची ताकीदही मैत्रिणीला माफ नाही. गोधडी घरी नेऊन अंथरायची आणि पैसे "पुढच्या महिन्यात" म्हणायचे, हे परक्या शिंप्याकडे आपण करीत नाही. मग आपल्या माणसाकडे तरी का करावे?

भेट द्यायची, तर भेटच द्यावी

कधी मैत्रीण अडचणीत असते, तर कधी तिच्या घरी बाळ येणार असते. अशा वेळी काहीच घेऊ नये, असे मनापासून वाटते. ही फार सुंदर भावना आहे. एका स्त्रीने स्वतःच्या हाताने विणलेली काठाची चादर प्रेषितांच्या सेवेत आणली होती. मी ही आपल्यासाठी माझ्या हाताने विणली आहे, असे तिने स्पष्ट सांगितले आणि त्यांना तिची गरज होती म्हणून त्यांनी ती स्वीकारली. भेट अशी असावी. ती देताना ती भेट आहे, हे शब्दांत सांगावे. "बघू नंतर" म्हणून ठेवलेली भेट अर्धी भेट आणि अर्धी उधारी असते.

भेट दिल्यावर दोन गोष्टींपासून जपावे. पहिली गोष्ट म्हणजे उपकाराची जाणीव करून देणे. दान देऊन मग ते बोलून दाखवणे आणि मन दुखावणे यांमुळे ते दान वाया जाते, असे कुरआनने बजावले आहे. चार बायकांत "तिची गोधडी मी फुकट शिवली होती" असे एकदा म्हटले की 670 फुटांची शिलाई उसवली जाते. दुसरी गोष्ट म्हणजे कामातली कुचराई. पैसे नाहीत म्हणून काम सगळ्यांच्या शेवटी घ्यायचे, दोन इंचांच्या चौकटी चार इंचांच्या करायच्या, विरलेला भाग तसाच आत दडवायचा, हे चालणार नाही. सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये स्वतः घेताना पुरेपूर माप घेणाऱ्या आणि दुसऱ्याला देताना कमी देणाऱ्यांसाठी कठोर शब्द आले आहेत. मोफत काम देतो असे म्हणून हलके काम देणारा आणि स्वस्त दरात पहिल्या प्रतीच्या कामाचा हट्ट धरणारा, दोघांनीही आपले माप तपासून पाहावे. पूर्ण काम जमणार नसेल, तर "साधी शिलाई घालून देते, चालेल का?" असे आधीच विचारावे.

वाचक बंधुभगिनींनो, हा लेख गोधडीवर आहे, पण प्रश्न रंगाऱ्याचा आहे, वायरमनचा आहे, मुलांची शिकवणी घेणाऱ्या शिक्षिकेचा आहे आणि मेहंदी काढणाऱ्या मुलीचाही आहे. आपल्या माणसाने काम आणले, की हात घालण्यापूर्वी तीनपैकी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. पूर्ण मोबदला घ्यायचा, ठरावीक सवलत द्यायची, की भेट द्यायची? जे ठरेल ते सरळ शब्दांत बोलावे, गरज वाटल्यास वहीत लिहावे आणि त्यानंतर मनात दुसरा हिशोब ठेवू नये. आठ वर्षे निर्मळपणे ठरली, की पुढची दोन वर्षे प्रेमाने देता येतात आणि आनंदाने घेताही येतात.

विकताना, विकत घेताना आणि आपला हक्क मागताना जो सौम्यपणे वागतो, त्याच्यासाठी प्रेषितांनी अल्लाहच्या कृपेची प्रार्थना केली आहे. अल्लाह आपल्या हातांच्या मेहनतीत बरकत देवो, आपल्या मैत्रीला मनातील छुप्या हिशोबांपासून मुक्त ठेवो आणि कुणाच्याही मजुरीचा हक्क आपल्या डोक्यावर घेऊन त्याच्यासमोर उभे राहण्याची वेळ आपल्यावर न आणो. आमीन.